एमआय-८ : एका हेलिकॉप्टरची तवारीख

एप्रिल १९८४ हा एकच महिना घेऊ.

११ एप्रिलला कझाकस्तानच्या माळरानावर, अर्कालिक गावाजवळ, सोयुझ टी-१० ही अंतराळकुपी हवाई छत्रीने खाली उतरली. आत राकेश शर्मा होते, अंतराळात जाऊन आलेले पहिले भारतीय. अशा कुप्या शोधून अंतराळवीरांना घेऊन येण्याचे काम सोव्हिएत एमआय-८ हेलिकॉप्टरांकडे असे. दोनच दिवसांनी, १३ एप्रिलला, भारताने सियाचीनवर ऑपरेशन मेघदूत सुरू केले. कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या तुकडीला बिलाफोंड ला या खिंडीवर उतरवले ते छोट्या चीता हेलिकॉप्टरांनी, पण हिमनदीच्या पायथ्यापर्यंत माणसे आणि सामान वाहणाऱ्या हेलिकॉप्टरांत एमआय-८ होते. आणि त्याच महिन्याच्या उत्तरार्धात सोव्हिएत फौजेने अफगाणिस्तानातल्या पंजशीर खोऱ्यावर सातवी मोठी चढाई केली. अहमद शाह मसूद यांनी खोऱ्यातली हजारो माणसे आधीच बाहेर काढली होती. रिकाम्या गावांच्या वरच्या डोंगरमाथ्यांवर सैनिक उतरवायला जी हेलिकॉप्टरे आली, त्यांतही एमआय-८ होतेच.

एका महिन्यात तीन ठिकाणी एकच यंत्र. राकेश शर्मांचा धडा आम्ही शाळेत शिकलो. सियाचीनच्या बातम्या मराठी वर्तमानपत्रांत वाचल्या. पंजशीर मात्र घरी येणाऱ्या उर्दू अखबारात असे. माझे लहानपण या दोन भाषांमध्ये गेले आणि आता पोटापाण्यासाठी मी याच दोन भाषा शिकवतो. मराठीतले हेलिकॉप्टर जवानांना दाणापाणी पोचवणारे होते, उर्दूतले हेलिकॉप्टर खेड्यांवर आग ओतणारे. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. हे दोन्ही एकच हेलिकॉप्टर आहे, हे मात्र दोन्हीकडे कोणी सांगत नव्हते. म्हणून त्याची तवारीख एकदा सलग लिहावी असे फार दिवस मनात होते.

आधी नावाबद्दल. 'एमआय' ही मिखाईल मील या अभियंत्याच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे. रशियन लोक त्याचा उच्चार 'मी' असा करतात, म्हणजे ते हेलिकॉप्टर 'मी-आठ'. आपल्या वर्तमानपत्रांनी रोमन अक्षरे सुटी वाचली आणि ते एमआय-८ झाले. एका अर्थी बरेच झाले, नाहीतर मराठीत 'मी आठ जणांना घेऊन उडाले' अशी वाक्ये छापून आली असती.

मील यांचा जन्म १९०९ चा, सैबेरियातल्या इर्कुत्स्कचा. त्यांचे आधीचे मोठे यश म्हणजे एमआय-४. हे १९५२ मध्ये उडाले. त्याचे इंजिन नाकात बसवलेले होते आणि वैमानिक त्याच्यावर, जवळजवळ माडीवर, बसत. भारताने ते घेतले आणि १९७१ च्या युद्धात त्याने जे केले त्यावर स्वतंत्र लेख होईल. ९ डिसेंबरला पाकिस्तानी फौजेने मेघना नदीवरचा आशुगंजचा रेल्वेपूल उडवून दिला. ढाक्याचा रस्ता तुटला. जनरल सगत सिंग यांनी पूल बांधायची वाट न पाहता ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या एमआय-४ हेलिकॉप्टरांतून फौज पलीकडे रायपुरा आणि मग नरसिंगदीला उतरवायला सुरुवात केली. पुढे आठवडाभरात ढाका पडले. ज्यांना १९७१ म्हणजे फक्त रणगाडे आणि लढाऊ विमाने वाटतात त्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा. मालवाहू यंत्राने युद्धाचा वेग बदलल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

एमआय-८ मध्ये मील यांनी एक साधी पण फार मोठी गोष्ट केली. नाकातले पिस्टन इंजिन काढून टाकले आणि छतावर टर्बाइन इंजिने बसवली. वैमानिक खाली, पुढच्या काचेत आले. त्यामुळे मधली सगळी जागा मोकळी झाली. पुढून मागेपर्यंत एक लांब सपाट खोली, आणि मागे शिंपल्यासारखी दोन बाजूंना उघडणारी दारे. त्या दारातून छोटी जीप सरळ आत चढवता येते. एका इंजिनाचा पहिला नमुना जून १९६१ मध्ये उडाला, दोन इंजिनांचा पुढच्या वर्षी. पंख्याला आधी चार पाती होती, हादरे फार बसत म्हणून पाच केली. आत २४ सशस्त्र सैनिक बसतात, किंवा १२ स्ट्रेचर मावतात, किंवा ४ टन माल. पोटाखाली दोराला टांगून ३ टन नेता येते.

खिडक्यांवरून ते ओळखता येते. प्रवासी वाहतुकीच्या एमआय-८ ला मोठ्या चौकोनी खिडक्या असतात आणि आत २८ आसने. मालवाहू आणि सैनिकी एमआय-८ ला जहाजासारख्या गोल खिडक्या. इंजिन तेच, पंखा तोच, सांगाडा तोच. सैनिकी आणि मुलकी यांत डोळ्यांना दिसणारा फरक एवढाच.

१९६५ पासून हे हेलिकॉप्टर कझानच्या कारखान्यात बनू लागले, पुढे १९७० पासून उलान-उदेलाही. कझान हे नाव आपल्या वाचकांना वेगळ्या कारणाने माहीत असेल. हे तातार मुसलमानांचे शहर. १५५२ मध्ये इव्हान द टेरिबलने ते जिंकले तेव्हा शहर लढवताना मारले गेलेले इमाम कुल शरीफ यांच्या नावाची मशीद २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात कझानच्या छापखान्यांतून निघालेले कुरआन दूरवर वाचले जात. १९४१ मध्ये जर्मन फौजा लेनिनग्राडकडे सरकल्या तेव्हा तिथला विमानांचा कारखाना यंत्रांसकट उचलून याच शहरात आणला गेला. त्याच कारखान्यातून पुढे एमआय-८ निघाले आणि अफगाणिस्तानकडे उडाले. तातार कामगारांनी बनवलेले हेलिकॉप्टर पंजशीरच्या ताजिकांवर गेले, हे लिहिताना मला कोणावर आरोप करायचा नाही. कारखान्यात खिळे ठोकणाऱ्याला आपले यंत्र कुठे जाणार हे कोण विचारतो?

आतापर्यंत या घराण्याची १७ हजारांहून अधिक हेलिकॉप्टरे बनली आहेत आणि ५० हून अधिक देशांत ती उडाली आहेत. जगात इतक्या संख्येने बनलेली हेलिकॉप्टरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

यातला मुलकी भाग आपल्याकडे जवळपास अज्ञात आहे. पश्चिम सैबेरियात, त्युमेन प्रांतात, साठच्या दशकात तेल सापडले. तिथली जमीन हिवाळ्यात दगडासारखी गोठते आणि उन्हाळ्यात दलदल होते. रस्ता बांधायचा कुठे? तेलविहिरींचे सामान, पाइपलाइनचे तुकडे, कामगार, डॉक्टर, टपाल, भाकरी, सगळे एरोफ्लोतच्या एमआय-८ ने जाई. रशियातली बरीच गावे आजही वर्षातला मोठा काळ याच हेलिकॉप्टरावर अवलंबून असतात. यमाल भागात रेनडिअर पाळणारे नेनेत्स लोक आहेत. शाळा सुरू व्हायच्या सुमारास त्यांच्या मुलांना तंबूंमधून गोळा करून निवासी शाळेत न्यायला एमआय-८ येते. शिक्षक म्हणून मला या चित्राचा हेवाही वाटतो आणि धास्तीही. सरकार एका मुलाच्या शिक्षणासाठी हेलिकॉप्टर पाठवते, याचा हेवा. आणि तेच हेलिकॉप्टर सहा-सात वर्षांच्या पोराला आईपासून, तिच्या भाषेपासून महिनोन्महिने दूर नेते, याची धास्ती.

चेर्नोबिलला तर सैनिकी-मुलकी हा भेदच संपला. २६ एप्रिल १९८६ ला अणुभट्टी फुटली. दुसऱ्या दिवसापासून हेलिकॉप्टरे उघड्या भट्टीवर जाऊन वाळू, माती, शिसे, बोरॉन, डोलोमाइट टाकू लागली. एकूण सुमारे ५ हजार टन. सुरुवातीला तर दारात उभे राहून पोती हाताने ढकलली जात. या वैमानिकांतले कित्येक जण अफगाणिस्तानात लढून आलेले होते. तिथे गोळी दिसत तरी होती, इथे काहीच दिसत नव्हते. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एका एमआय-८ चा पंखा क्रेनच्या तारेला लागला आणि ते भट्टीशेजारी कोसळले. आतले चौघेही गेले. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे, पण मी ते कोणाला पाहा म्हणणार नाही. अनातोली ग्रिश्चेन्को या चाचणी वैमानिकाने चेर्नोबिलवर उड्डाणे केली होती. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला, उपचार झाले अमेरिकेत सिएटलला, आणि तिथेच १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. किरणोत्सर्गाने भरलेली कित्येक हेलिकॉप्टरे परत वापरता आली नाहीत. रासोखा नावाच्या गावाजवळच्या मैदानात ती वर्षानुवर्षे गंजत उभी होती.

आता अफगाणिस्तान. ही गोष्ट मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण आपल्या समाजात ती बहुतेक वेळा घोषणेच्या रूपात सांगितली गेली.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौज शिरली. देश डोंगराचा, रस्ते मोजके आणि प्रत्येक वळणावर दबा धरून बसायला जागा. ट्रकांचे ताफे लुटले जाऊ लागले तसे हेलिकॉप्टराशिवाय चालेना. पण इथे एमआय-८ ला दम लागू लागला. हेलिकॉप्टराचा पंखा हवेला खाली ढकलतो तेव्हा यंत्र वर उचलले जाते. उंचावर हवा विरळ असते, आणि उन्हाळ्यात तापली की आणखी विरळ होते. पंख्याला पकड मिळत नाही, इंजिनालाही पुरेशी हवा मिळत नाही. मॉस्कोजवळ २४ माणसे उचलणारे यंत्र अफगाण डोंगरात त्याच्या निम्मीही मुश्किलीने उचली. वैमानिकांनी तोड काढली. ते जागेवरून सरळ वर उठायचेच नाहीत, चाकांवर विमानासारखे धावत जाऊन उडायचे.

पक्का इलाज म्हणजे नवे इंजिन. १,५०० अश्वशक्तीच्या दोन इंजिनांऐवजी १,९०० हून जास्त अश्वशक्तीची दोन इंजिने बसवली. तेच एमआय-१७. ते १९७५ मध्ये पहिल्यांदा उडाले होते, पण त्याची खरी परीक्षा अफगाणिस्तानात झाली. ओळखायची खूण शेपटीवर आहे. जुन्या एमआय-८ चा शेपटीचा पंखा उजव्या बाजूला असतो, एमआय-१७ चा डाव्या बाजूला. आज आपल्या हवाई दलाचे एमआय-१७ लडाखात ज्या सहजतेने चढते, ती ताकद हिंदुकुशात कमावलेली आहे.

या हेलिकॉप्टराने तिथे काय केले? जखमी उचलले. वेढ्यात सापडलेल्या चौक्यांना पाणी आणि औषधे पोचवली. रशियन सैनिक लाडाने त्याला 'मधमाशी' म्हणत. आणि याच मधमाशीच्या दोन्ही अंगांना रॉकेटे लावून गावांवर मारा केला गेला. तिच्यातून छोटे भूसुरुंगही पेरले गेले. हिरव्या प्लास्टिकचे, पंख असलेल्या बियांसारखे गिरक्या घेत खाली येणारे. अफगाण लोक त्यांना हिरवा पोपट म्हणत. मुलांना ते खेळणे वाटे. ज्यांचे हात गेले ती मुले आज माझ्या वयाची आहेत.

त्या युद्धात सुमारे १० लाख अफगाण मेले असा अंदाज दिला जातो. ५० लाखांहून अधिक लोक पाकिस्तान आणि इराणात निर्वासित झाले. सोव्हिएत हिशेबाप्रमाणे त्यांची सर्व प्रकारची मिळून ३३३ हेलिकॉप्टरे गेली.

स्टिंगर क्षेपणास्त्राबद्दल इथे थोडे बोलायला हवे. सप्टेंबर १९८६ मध्ये जलालाबादजवळ अमेरिकेने दिलेले स्टिंगर पहिल्यांदा वापरले गेले आणि हेलिकॉप्टरे पडू लागली. आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षे जलशांत सांगितले गेले की खांद्यावरच्या एका नळकांड्याने महासत्ता पळवली. सोव्हिएत वैमानिक बदलले हे खरे. ते रात्री उडू लागले, इंजिनाच्या धुराड्यांना उष्णता लपवणारी टोपणे लागली, जळत्या गोळ्या सोडून क्षेपणास्त्राला चकवायची सोय झाली. पण गोर्बाचेव्ह यांनी अफगाणिस्तानला 'भळभळती जखम' म्हटले ते फेब्रुवारी १९८६ मध्ये, म्हणजे पहिले स्टिंगर सुटण्याच्या सात महिने आधी. माघारीचा विचार तेव्हाच मूळ धरू लागला होता. अफगाणांनी सात वर्षे आपल्या रक्ताने जे केले, त्याचे श्रेय अमेरिकी कारखान्याला देण्यात कसला अभिमान, हे मला कधीच कळले नाही.

१५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचा सोव्हिएत सैनिक पूल ओलांडून गेला. हेलिकॉप्टरे मात्र गेली नाहीत.

काबूलची फौज फुटली तशी तिची हेलिकॉप्टरे वेगवेगळ्या सरदारांकडे गेली. ज्या मसूद यांच्या खोऱ्यावर एमआय-८ सैनिक उतरवत होते, त्याच मसूद यांच्याकडे पुढे एमआय-१७ चा छोटा ताफा होता. ताजिकिस्तानातून दारूगोळा आणायचा तो त्याच्यावर. ९ सप्टेंबर २००१ ला पत्रकार म्हणून आलेल्या दोघांनी त्यांच्यावर बाँबहल्ला केला, तेव्हा त्यांना हेलिकॉप्टरनेच फरखोरच्या इस्पितळाकडे नेण्यात आले. त्यानंतर १७ दिवसांनी, २६ सप्टेंबरला, सीआयएचे पहिले पथक गॅरी श्रोएन यांच्या हाताखाली पंजशीरमध्ये उतरले. सोबत ३० लाख डॉलर रोख. आणि वाहन? सीआयएने विकत घेतलेले एमआय-१७. ते हेलिकॉप्टर आता सीआयएच्या मुख्यालयाच्या आवारात मांडून ठेवले आहे.

पुढचा भाग तर कादंबरीत लिहिला तर कोणी विश्वास ठेवणार नाही. अमेरिकेने नवे अफगाण हवाई दल उभारायचे ठरवले. अफगाण वैमानिकांना सवय एमआय-१७ ची. म्हणून २०११ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने रशियाच्या सरकारी शस्त्र कंपनीशी करार करून नवी हेलिकॉप्टरे विकत घेतली, एकूण साठहून अधिक. हीच कंपनी सीरियात असदला शस्त्रे देत होती, म्हणून अमेरिकी संसदेत ओरड झाली. तरी खरेदी झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडले तेव्हा अफगाण वैमानिक विमाने आणि दोन डझन हेलिकॉप्टरे घेऊन उझबेकिस्तानात उतरले. आणि २०२२ मध्ये, अफगाणांसाठी घेतलेली शिल्लक एमआय-१७ अमेरिकेने युक्रेनला दिली, रशियाशी लढायला. त्याच वसंतात युक्रेनची एमआय-८ हेलिकॉप्टरे मारियुपोलच्या वेढलेल्या पोलाद कारखान्यात जीव मुठीत धरून उतरत होती. माल देऊन जखमी घेऊन परतत होती. समोरून त्यांच्यावर मारा करणाऱ्यांकडेही एमआय-८ च होती.

वर्गात एकदा मी हा सगळा प्रवास सांगितला तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारले, "सर, मग हे हेलिकॉप्टर कुणाच्या बाजूचं?" मुलाला वाटले मी उत्तर टाळतोय. मी त्याला बोस्नियाची गोष्ट सांगितली. १९९५ मध्ये बिहाच शहर सर्ब फौजांच्या वेढ्यात होते. बोस्नियाचे परराष्ट्रमंत्री इरफान ल्युबियांकिच हे पेशाने डॉक्टर. बिहाच भागातून परतताना २८ मे च्या रात्री त्यांचे एमआय-८ क्षेपणास्त्राने पाडले गेले. म्हणजे ज्या यंत्राखाली पंजशीरचे मुसलमान मरत होते, त्याच यंत्रात बसून दहा वर्षांनी बोस्नियाचे मुसलमान वेढ्यातून बाहेर पडायची धडपड करत होते.

आणि पाकिस्तान? तिथल्या फौजेकडेही हेच हेलिकॉप्टर. ऑक्टोबर २००५ च्या भूकंपात पाकव्याप्त काश्मीरमधली खेडी तुटली तेव्हा मदत पोचवणाऱ्यांत ते होते. मे २०१५ मध्ये गिलगिटजवळ नलतरला परदेशी राजदूतांना घेऊन जाणारे पाकिस्तानी एमआय-१७ कोसळले, त्यात नॉर्वे आणि फिलिपिन्सचे राजदूत मरण पावले. २०१६ मध्ये तर पाकिस्तानी पंजाब सरकारचे एक एमआय-१७ दुरुस्तीसाठी रशियाला जात असताना अफगाणिस्तानात लोगर प्रांतात उतरावे लागले आणि तालिबानने आतल्या सहाही जणांना धरून नेले. काही दिवसांनी सोडले.

आपल्या देशाकडे येतो. एमआय-८ भारतात आले सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. ऐंशीच्या दशकात एमआय-१७ आले. जुन्या एमआय-८ ला डिसेंबर २०१७ मध्ये बंगळुरूजवळ येलहंकाला निरोप दिला गेला. मध्ये पंचेचाळीस वर्षे. सियाचीन, श्रीलंका, ईशान्येकडची खेडी, पूर, भूकंप, संयुक्त राष्ट्रांच्या पांढऱ्या रंगात आफ्रिका. कारगिलमध्ये २८ मे १९९९ ला तोलोलिंगवर रॉकेटे लावलेले एमआय-१७ स्टिंगरने पडले, चार हवाई सैनिक शहीद झाले. त्यानंतर या कामासाठी एमआय-१७ वापरणे थांबवण्यात आले. अफगाणिस्तानात सोव्हिएतांनी जो धडा घेतला तोच धडा, तेच क्षेपणास्त्र, तेरा वर्षांनी. मालवाहू यंत्राला लढाऊ बनवायचा मोह सगळ्याच फौजांना होतो.

नोव्हेंबर २००८ हाही एप्रिल १९८४ सारखाच महिना आहे. २८ तारखेच्या सकाळी मुंबईत कुलाब्याला नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो दोरावरून उतरले ते एमआय-१७ मधून. ते दृश्य सगळ्या देशाने पाहिले, आजही दरवर्षी दाखवले जाते. त्याच्या दोन आठवडे आधी छत्तीसगडच्या बिजापूर जिल्ह्यात, म्हणजे आपल्या गडचिरोलीच्या पलीकडेच, विधानसभेचे मतदान संपवून मतदान यंत्रे आणि कर्मचारी घेऊन एक एमआय-८ उडत होते. जंगलातून माओवाद्यांनी गोळीबार केला. वैमानिकांनी भोके पडलेले हेलिकॉप्टर कसेबसे बाहेर काढले. गोळी लागून फ्लाइट इंजिनिअर शहीद झाला. त्याचे नाव सार्जंट मुस्तफा अली. दोन आठवड्यांनी मुंबईवर हल्ला झाला आणि 'मुसलमान आणि देश' या विषयावर महिनोन्महिने वाहिन्यांवर चर्चा चालल्या. त्या चर्चांत मी मुस्तफा अलींचे नाव एकदाही ऐकले नाही. आपल्या उर्दू जलशांतही नाही, हे सांगायला हवे. आमच्याकडे जुन्या बादशहांची नावे पाठ असतात, मतपेटी वाचवताना गेलेल्या सार्जंटचे नसते. दर निवडणुकीला गडचिरोलीच्या आतल्या केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरने जातात. त्या पथकांत आम्हा शिक्षकांचाच भरणा असतो, म्हणून ही गोष्ट मला दूरची वाटत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारताने ८० एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टरांचा करार केला. पुढे आणखी ७१ घेतली. उत्तराखंडच्या जून २०१३ च्या महापुरात ती नवी कोरी होती. केदारनाथ आणि आसपासच्या खोऱ्यांतून हवाई दलाने सुमारे २० हजार माणसे बाहेर काढली. २५ जूनला केदारनाथहून परतताना गौरीकुंडजवळ एक एमआय-१७ व्ही-५ कोसळले आणि वीस जण गेले, हवाई दलाचे, आपत्ती निवारण दलाचे आणि तिबेट सीमा पोलिसांचे. दुसऱ्या दिवशीही उड्डाणे चालूच राहिली.

८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपीन रावत यांचे हेलिकॉप्टर पडले तेव्हा 'रशियन भंगार' असे शब्द समाजमाध्यमांवर फिरले. ते हेलिकॉप्टर भंगार नव्हते, एमआय-१७ व्ही-५ होते. हवाई दलाच्या चौकशीत यंत्रात बिघाड, घातपात किंवा हलगर्जी यांपैकी काही सापडले नाही. दरीत हवामान अचानक बदलले, हेलिकॉप्टर ढगात शिरले, वैमानिकाला दिशेचे भान राहिले नाही आणि ते डोंगराला धडकले. हिंदुकुश असो, केदारनाथ असो, नलतर असो की निलगिरी, डोंगरात उडणाऱ्याला ढग कुठल्या देशाचा हे विचारत नाही.

शेवटी बडगाम. २७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आकाशात दोन्ही देशांची विमाने होती. श्रीनगरहून उडालेले एमआय-१७ व्ही-५ काही मिनिटांत बडगाम जिल्ह्यातल्या शेतात कोसळले. हवाई दलाचे सहा जण गेले. त्यांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. जमिनीवरचा एक काश्मिरी तरुणही त्यात गेला. त्या दिवशी सगळा देश विंग कमांडर अभिनंदन यांच्या मिशांकडे आणि पाकिस्तानी चहाच्या कपाकडे पाहत होता. बडगामची बातमी 'तांत्रिक बिघाडाने अपघात' म्हणून खालच्या पट्टीत सरकत राहिली. नाशिकमध्ये मात्र अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी आठवते.

बिघाड नव्हता. आपल्याच क्षेपणास्त्राने आपले हेलिकॉप्टर पाडले होते. हवाई दलाच्या चौकशीत ते स्पष्ट झाले आणि हवाई दल प्रमुख राकेश कुमार सिंग भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती असे जाहीरपणे मान्य केले. एका सेनादल प्रमुखाने असे उघड बोलणे सोपे नसते आणि त्याची कदर व्हायला हवी. पण हे झाले ऑक्टोबर २०१९ मध्ये. तोपर्यंत लोकसभेची निवडणूक होऊन, निकाल लागून चार महिने उलटले होते.